कोर्टाबाहेरचं टेबल

कसबा बावड्यात, कोर्टाच्या गेटबाहेर
झेरॉक्सला लागून माझं टेबल.
वर ताडपत्री, खाली बॅटरी,
पानामागं वीस रुपये.
अर्थ सांगायचे मी पैसे घेत नाही.

त्रिशला मगदूम हुपरीहून आली
तेव्हा समन्सची घडी इतकी झिजलेली
की कागद चौघडीत फाटायला आलेला.
"ताई, ह्यात मला सामनेवाली म्हटलंय."
म्हटलं, जिच्याविरुद्ध अर्ज आहे, ती.
ती हसली.
"नऊ वर्सं जेवताना टीव्हीकडं तोंड हुतं त्यांचं.
कागदावर तरी सामने बसीवलं म्हणायचं."

अर्ज त्याचाच: बायको नांदायला येत नाही.
कायदा याला म्हणतो
वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना.
पुनर्स्थापना मूर्तीची करतात, एवढंच तिला ठाऊक.
"मूर्तीला इचारत्यात का?"
मी म्हटलं, पुढचं वाच.

क्रूरता या शब्दापाशी आम्ही बराच वेळ थांबलो.
मारलं? नाही.
शिव्या? नाही.
टेबलाच्या कडेचा सनमायका ती नखानं उचकत राहिली.
"मी काय बोलाय लागलं, की खाली जाऊन लेथ चालू करायचे."
उद्यमनगरात घराखालीच वर्कशॉप.
कैफियतीत मी ते तसंच घातलं.
वकीलसाहेबांनी लाल पेनानं खोडलं,
वर लिहिलं: मानसिक.

स्त्रीधन मात्र तिनं मला शिकवलं.
बाप चांदीचा कारागीर,
पैंजणाच्या कड्या जुळवत ती वाढलेली.
यादी सांगताना डोळे मिटले, तळहात उताणा धरला,
जणू वजन तिथं उतरतंय:
"पैंजण, पंचवीस भार, टंच साठ.
करंडा एक.
जोडवी दोन जोड, त्यातलं एक झिजलंय.
झिजलेलंच लिवा."

ताबा.
"शेताचा असतोय तसा?"
शब्द तोच.
श्रेणिक तेव्हा खाली बसून
वाया गेलेल्या पानांची विमानं करत होता;
एका पंखावर अर्धं शपथपत्र,
खरे आहे व खोटे असल्यास एवढंच दिसणारं.
"त्याला इचारत न्हाईत?"
विचारतात. जज्जसाहेब, आत, एकट्याला.
ती एकट्याला म्हणाली, पुन्हा एकदा म्हणाली,
आणि पोराच्या शर्टाचं बटण लावलं, जे लागलेलंच होतं.

पोटगीवर फार बोलणं झालं नाही.
"पोटाचं झालं," एवढंच.

समुपदेशन, मध्यस्थी, तारीख, तारीख, वकील रजेवर, तारीख.

मग परस्पर संमती.
दोघं एकत्र माझ्या टेबलाशी.
त्याच्या नखांत ग्रीसचं काळं.
त्यानं हात पँटला पुसला, दोनदा,
आणि पेन आधी तिला दिलं.
पान तीनवर बोट ठेवून वाचता वाचता तो थांबला.
"हितं चुकलंय."
खरंच चुकलं होतं. मी टाईप केलं होतं:
उभयतांमधील विवाह कायमचा मिटला आहे.
पाहिजे होतं, विवाद.
एका अक्षराचा फरक.
तिनंही वाचलं.
कुणीच हसलं नाही; कुणाला हसावं वाटलं असेलही.
पान बदललं. त्याचे वीस घेतले नाहीत.

हुकूमनाम्याची नक्कल घ्यायला ती एकटी आली.
"घटस्फोट म्हणत्यात. स्फोट कुठं झाला, ताई?
कायसुदिक आवाज आला न्हाई."
मग पिशवीतून शाळेचा फॉर्म काढला.
वडिलांचं नाव तिनं आधीच भरलेलं.
खाली रकाना: अर्जदाराशी नातं.
मी सुचवलं, माजी पती.
"माजी तर सरपंच असतोय."
कोपऱ्यावर बस वळताना दिसली, घाई झाली.
"श्रेणिकचे बाबा, असं लिवा.
तेवढं अजून खरं हाय."

रकाना लहान होता, अक्षर बारीक काढावं लागलं.
कुठल्या कलमात बसतं, मला माहीत नाही.
तिनं सुटे वीस ठेवले.
मी म्हटलं, हे टाईप नाही, हातानं लिहिलंय.
तोवर ती बसच्या पायरीवर.